फ्लाइंग स्कूल निवडताना: पैसे भरण्याआधीची कामं, क्रमाने

बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. मी पुण्यात वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी शिकवतो. त्यामुळे वेगवेगळ्या स्कूलची मुलं माझ्यासमोर एकाच बाकावर बसतात आणि कोणाचं कुठे अडलंय हे मला आपोआप कळतं. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, कुठलं फ्लाइंग स्कूल चांगलं?" मी विचारतो, "क्लास टू मेडिकल झालं का?" (म्हणजे वैमानिकाची पहिली वैद्यकीय तपासणी.) पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "ते स्कूलवाले करून घेतील म्हणाले. पहिला हप्ता भरलाय आम्ही."

घोडं इथेच पेंड खातं. स्कूल वाईट निघालं म्हणून रडणारे थोडे असतात. उलट्या क्रमाने गेले म्हणून अडकलेले खूप. त्यामुळे या लेखात स्कूलची निवड चौथ्या टप्प्यावर येते, आणि ते तसंच असायला हवं.

आधी एकदा लक्ष्य नीट बघा

डीजीसीए म्हणजे परवाने देणारं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. त्यांच्या कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, वय १८ पूर्ण आणि बारावीला फिजिक्स व मॅथ्स लागतात. कॉमर्स किंवा आर्ट्स केलेली मुलं हे दोन विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देतात. हा नियम बदलण्याची चर्चा अधूनमधून होते, तेव्हा अर्ज कराल त्या दिवशीचा नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहा.

उड्डाणाचे एकूण २०० तास. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. ३०० नॉटिकल मैलांचं एक लांब क्रॉस-कंट्री, म्हणजे तळ सोडून दूरवर जाणारं उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचे ५ तास, त्यात किमान १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणांवर बघून उडण्याची पात्रता, हवं असेल (एअरलाइनमध्ये जायचं तर हवंच) तर ५० तासांचं क्रॉस-कंट्री आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट, त्यातले जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर. शिवाय जवळपास प्रत्येक जण मल्टी-इंजिन रेटिंगही करतो.

हे आकडे पाठ करा. पुढे स्कूलला जे प्रश्न विचारायचे आहेत ते सगळे यातूनच निघतात. रात्रीचे तास कुठे उडवता? ट्विन, म्हणजे दोन इंजिनांची विमानं, किती आहेत? सिम्युलेटर मान्यताप्राप्त आहे का?

टप्पा १: मेडिकल. बाकी काहीही नंतर.

डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी असते. त्यातल्या जवळच्या डॉक्टरकडे क्लास टू करून घ्या. (अर्ज भरण्याआधी टप्पा २ मधली नावाची जुळणी तेवढी करून घ्या.) डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी, एक्स-रे असं सगळं तपासतात. ते झालं की डीजीसीएकडून फाइल नंबर मिळतो आणि त्या नंबरवर क्लास वनची तारीख मागता येते. पहिलं क्लास वन कुठल्याही दवाखान्यात होत नाही. बंगळुरूचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, दिल्लीचं हवाई दलाचं वैद्यकीय केंद्र एएफसीएमई अशी ठरावीक केंद्रं आहेत आणि तारखेसाठी थांबावं लागतं.

विद्यार्थी परवान्यासाठी क्लास टू चालतं. म्हणून बरीच मुलं क्लास टूवर प्रवेश घेतात, उडायला लागतात, आणि क्लास वन "करू पुढे" म्हणतात. पण सीपीएल क्लास वनशिवाय मिळत नाही. चाळीस-पन्नास तास उडून झाल्यावर रंग ओळखण्याच्या चाचणीत अडकलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या वडिलांनी तोवर शेताचा एक तुकडा विकला होता.

चष्मा असला म्हणून घाबरू नका, ठरावीक मर्यादेत तो चालतो. रंगांधळेपणा मात्र लपत नाही. क्लास टूच्याही आधी एखाद्या नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा चाचणी करून घ्या, अगदी किरकोळ खर्चात होते. चष्मा घालवणारी लेसिक शस्त्रक्रिया करायचा विचार असेल तर आधी मान्यताप्राप्त डॉक्टरांशी बोला, कारण शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ थांबावं लागतं.

> सावधान: "टेम्पररी अनफिट" हा शिक्का वजन, रक्तदाब किंवा हिमोग्लोबिनसारख्या साध्या कारणानेही बसतो. तो बहुधा निघतो, पण त्यात आठवडे किंवा महिने जातात. हप्ते भरून ठेवले असतील तर ते महिने तुमच्या खिशातून जातात.

तपासा: क्लास वन "फिट" असं लिहिलेला कागद हातात आहे? नसेल तर टप्पा २ आणि ३ करत राहा, पण कोणालाही पैसे देऊ नका. चार पट्ट्यांचा शर्ट शिवून घेऊन फोटो काढणारेही मला माहीत आहेत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

टप्पा २: नाव आणि कागद

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून सगळे टाळतात. परीक्षा देण्यासाठी डीजीसीएचा कम्प्युटर नंबर लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची पडताळणी.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे नाव. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. त्यात "वैष्णवी"चं स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. मेडिकल, परीक्षा, रेडिओ परवाना आणि सीपीएल या सगळ्यांवर नाव एकसारखं हवं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसं बाकी सगळीकडे करून घ्या, आणि मेडिकलचा अर्ज भरण्याच्या आधी करा. पुढे एक अक्षर बदलायलाही प्रतिज्ञापत्रं आणि चकरा होतात.

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा.

टप्पा ३: ग्राउंडचे विषय स्कूलमध्ये जाण्याआधी काढा

ग्राउंड म्हणजे जमिनीवर बसून द्यायच्या डीजीसीएच्या परीक्षा. विषय असे: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. यातला टेक्निकल स्पेसिफिक तुम्ही ज्या विमानावर उडाल त्याचा असतो, त्यामुळे तो स्कूल ठरल्यावर. बाकीचे चार घरी राहून, नोकरी करून, कॉलेज करून देता येतात. जोडीला रेडिओ टेलिफोनीची आरटीआर परीक्षा. ती पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती जबाबदारी डीजीसीएकडे आली आहे, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेली पद्धत डोळे झाकून धरू नका.

मी ग्राउंड शिकवतो, म्हणून हे सांगण्यात माझा स्वार्थ आहे असं कोणी म्हणेल. म्हणू दे. माझ्याकडे येऊ नका, स्वतः पुस्तकं घेऊन करा, पण आधी करा. कारण सरळ आहे: स्कूलमध्ये तुमचा एक दिवस हॉस्टेल, मेस आणि कर्जाच्या व्याजासह मोजला जातो. तिथे बसून मेटिऑरॉलॉजी वाचणं म्हणजे मीटर चालू ठेवून टॅक्सीत झोपणं. शिवाय विषय निघालेल्या मुलाला विमानाच्या स्लॉटमध्ये आधी घेणं स्कूललाही सोयीचं असतं, कारण तो लवकर संपतो आणि त्याची जागा मोकळी होते.

आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. नेव्हिगेशन तीन प्रयत्नांतही निघत नसेल, अभ्यासाला बसवतच नसेल, तर हे क्षेत्र आपलं आहे का याचं उत्तर काही हजारांत मिळतं. स्कूलमध्ये तेच उत्तर काही लाखांना पडतं.

तपासा: किमान रेग्युलेशन्स, मेटिऑरॉलॉजी आणि नेव्हिगेशन निघालेत? आता स्कूलची यादी काढा.

टप्पा ४: यादी करा, मग छाटा

सुरुवात जाहिरातींपासून करू नका. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त फ्लाइंग ट्रेनिंग ऑर्गनायझेशनची, म्हणजे एफटीओची, यादी आहे. त्यात मान्यता कधीपर्यंत आहे आणि तळ कुठे आहे ते पाहा. "आमचं दुसऱ्या शहरातही केंद्र आहे" असं सांगितलं तर ते केंद्र त्या मान्यतेत आहे का, ते विचारा. शहरातलं चकचकीत कार्यालय म्हणजे बहुतेक वेळा फक्त प्रवेश घेणारा एजंट असतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला जवळचे पर्याय बरेच आहेत: गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरची एनएफटीआय ही प्रशिक्षण संस्था, शिरपूर, धुळे, बारामती, जळगाव. नागपूर फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चंद्रपूरजवळ मोरव्याला. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने अकादमी उभारायला घेतली. बाहेर उत्तर प्रदेशात फुरसतगंजची सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, जिथे प्रवेशपरीक्षा देऊन जावं लागतं. ही नावं शिफारस म्हणून घेऊ नका, शोधायला सुरुवात कुठून करायची एवढ्यापुरतीच आहेत.

ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएने एफटीओंची श्रेणी लावायला सुरुवात केली आहे. सुरक्षितता, नियमपालन, विमानं आणि प्रशिक्षक यांचं विद्यार्थ्यांशी प्रमाण, प्रशिक्षण पूर्ण व्हायला लागणारा वेळ अशा गोष्टी त्यात मोजतात. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत, ए प्लस प्लस आणि ए प्लसमध्ये, देशातली एकही संस्था नव्हती. तेव्हा कोणी "आम्ही देशात अव्वल" म्हणालं तर श्रेणी विचारा आणि स्वतः यादीत पाहा. खालच्या श्रेणीतली संस्था लगेच बाद करू नका, पण ती तिथे का आहे याचं उत्तर त्यांच्याकडून घ्या. उत्तर देताना ते चिडले तर तेही उत्तरच आहे.

*हवामान*

हा माझा विषय, म्हणून थोडा थांबतो. पालक विचारतात, "तिथे पाऊस कमी ना?" बारामती पर्जन्यछायेत आहे, पाऊस खरंच कमी. पण उड्डाण पावसाच्या मिलिमीटरवर थांबत नाही, ते ढगांच्या तळावर आणि दृश्यमानतेवर थांबतं. डोळ्यांनी बघून उडायच्या नियमांत विमानतळ परिसरात साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता आणि १,५०० फुटांचा ढगतळ लागतो. जुलैत सह्याद्रीच्या पूर्वेला दिवसभर एक थेंब न पडता ढग हजार फुटांवर टांगलेले राहू शकतात, वर पश्चिमेचा जोरदार वारा. विमानं हँगरमध्ये, मुलं कॅरम खेळतात.

उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुकं सकाळ खाऊन टाकतं. विदर्भात मे महिन्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे गोळे वर उठतात आणि छोटं विमान पत्र्याच्या डब्यासारखं हलतं. नवशिक्याची सोर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, तेव्हा सकाळ-संध्याकाळपुरतीच. म्हणजे प्रत्येक ठिकाणाचे काही महिने जातातच. म्हणून प्रश्न असा विचारा: "मागच्या वर्षी जून ते सप्टेंबर प्रत्येक महिन्यात एकूण किती तास उडालात?" आकडे देणारी स्कूल आणि "आमच्याकडे वर्षभर फ्लाइंग चालतं" म्हणणारी स्कूल, यांतला फरक लगेच कळतो.

*परदेशात जायचं असेल तर*

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, कॅनडा. तास लवकर होतात हे बहुतांशी खरं. पण तिथलं लायसन्स इथे तसंच चालत नाही, ते बदलून घ्यावं लागतं. रेग्युलेशन्सची परीक्षा, नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीची एकत्रित परीक्षा, आरटीआर, मूळ देशाकडून लायसन्सची पडताळणी, आणि इथल्या चाचणी-उड्डाणांचा खर्च. लोक शुल्कांची तुलना करताना हा सगळा शेवटचा भाग विसरतात. दुसरी चूक: तिथल्या परवान्यापुरतेच तास उडून येणं आणि भारतीय नियमातला एखादा रकाना, विशेषतः पायलट-इन-कमांड क्रॉस-कंट्रीचा, अपुरा ठेवणं. इथे येऊन ते तास पुन्हा उडावे लागतात. निघताना भारतीय नियमांची यादी खिशात ठेवा आणि तिथल्या प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी दाखवा.

टप्पा ५: तासांचा हिशोब

आता यादीत तीन-चार स्कूल उरली असतील. सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण माहितीपत्रकात विमानांची संख्या छापलेली असते आणि आपण ती बघून भारावतो.

समजा एका स्कूलकडे १० विमानं आहेत. काही तपासणीत, एखादं सुट्या भागासाठी अडकलेलं, एखादं कायमचं कोपऱ्यात. रोज उडण्याजोगी ६ धरा. हवामान, धावपट्टीची वेळ, इंधन भरणं, प्रशिक्षकांच्या ड्युटीच्या मर्यादा धरून प्रत्येक विमान दिवसाला सरासरी ४ तास उडतं. महिन्यात उड्डाणाचे दिवस २२. म्हणजे ६ गुणिले ४ गुणिले २२, एकूण ५२८ तास.

विद्यार्थी ८०. प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला ६.६ तास. २०० तासांना ३० महिने. तुम्हाला सांगितलेले असतात १२ ते १५.

त्याच स्कूलमध्ये विद्यार्थी ३५ असते तर महिन्याला १५ तास आले असते आणि साधारण १३ महिन्यांत काम झालं असतं. विमानं तेवढीच, हँगर तोच, प्रशिक्षकही तेच.

म्हणून प्रत्येक स्कूलकडून हे आकडे घ्या, आणि लेखी घ्या:

- आज प्रत्यक्ष उडणारी विमानं किती? सिंगल किती, ट्विन किती?
- गेल्या १२ महिन्यांत स्कूलने एकूण किती तास उडवले?
- आज फ्लाइंगच्या टप्प्यात असलेले विद्यार्थी किती, आणि पुढच्या सहा महिन्यांत किती नवे येणार?
- पूर्णवेळ प्रशिक्षक किती? सीएफआय, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, इथे रोज असतात की महिन्यातून काही दिवस येतात?
- शेवटी सीपीएल मिळालेल्या दहा जणांच्या तीन तारखा: प्रवेश, पहिला सोलो (प्रशिक्षकाशिवाय एकट्याने उड्डाण), लायसन्स.

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. नावं नकोत, तारखा पुरेत. दहा जणांची सरासरी काढा आणि तीच तुमची मुदत धरा. "आमचा एक विद्यार्थी अकरा महिन्यांत झाला" हे वाक्य वहीत लिहूच नका. दहावा कधी झाला ते महत्त्वाचं.

> सावधान: ट्विन विमान एकच असेल आणि ते बंद पडलं तर शेवटच्या टप्प्यावरची सगळी मुलं एका रांगेत थांबतात. १८५ तास झालेली, ग्राउंड संपलेली मुलं चार-चार महिने फक्त ट्विनची वाट बघतात. तोवर चाचण्यांची मुदत सरकत राहते, कारण लायसन्सच्या अर्जाला काही अनुभव आणि चाचण्या अलीकडच्या सहा महिन्यांतल्याच लागतात. मग उडालेलं पुन्हा उडा, पुन्हा पैसे भरा.

रात्रीच्या तासांचंही तसंच. धावपट्टीवर दिवे नसतील किंवा रात्री टॉवर चालू नसेल तर मुलांना दुसऱ्या तळावर नेतात. कधी नेतात? गट जमला की. तिथला राहण्याचा खर्च कोणाचा? आताच विचारा.

टप्पा ६: जाऊन बघा, आणि शनिवारी जाऊ नका

बहुतेक कुटुंबं सुटीच्या दिवशी गाडी काढून जातात. मार्केटिंगची व्यक्ती विमानाशेजारी उभं करते, कॉकपिटमध्ये बसवते, मुलाचा फोटो, आईच्या डोळ्यांत पाणी. परतीच्या वाटेवर निर्णय झालेला असतो. या भेटीला मी मोजत नाही.

मंगळवार-बुधवार निवडा. आदल्या रात्री गावात मुक्काम करा आणि सकाळी साडेसहाला फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसा. सूर्य उगवल्यावर तासाभरात किती इंजिनं सुरू झाली ते मोजा. स्वच्छ आकाश, वारा शांत, आणि दहापैकी दोनच विमानं हवेत असतील तर दुपारी कोणी काहीही सांगो, तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे.

मग आत जा. हँगरमध्ये शेपटीवरचे व्हीटीने सुरू होणारे नोंदणी क्रमांक लिहून घ्या. कोणत्या विमानाचा प्रोपेलर काढलेला आहे, कोणाचं टायर बसलेलं, कोणाच्या पंखावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. घरी येऊन ते क्रमांक फ्लाइटरडारसारख्या संकेतस्थळावर टाकून बघा. छोटी, खाली उडणारी विमानं तिथे नेहमी दिसत नाहीत, तेव्हा दिसलं नाही म्हणजे उडालं नाही असं नव्हे. पण आठवडाभर रोज दिसणारं विमान नक्की उडतंय.

डिस्पॅचचा फळा किंवा त्या दिवसाची फ्लाइंगची यादी दाखवा म्हणा. किती सोर्टी लावल्या, किती रद्द, आणि रद्दचं कारण काय लिहिलंय. "हवामान" समजू शकतं. "विमान उपलब्ध नाही", "प्रशिक्षक नाही" हे शब्द पुन्हा पुन्हा दिसले तर सावध व्हा.

सुरक्षिततेबद्दल विचारायला संकोचू नका. गेल्या काही वर्षांत अपघात किंवा घटना झाल्या का, आणि त्यानंतर काय बदललं? प्रत्येक प्रशिक्षण तळावर कधीतरी खडबडीत लँडिंग होतं, धावपट्टी सुटते. "कधीच काही झालं नाही" म्हणणाऱ्यापेक्षा "झालं होतं, त्यानंतर आडव्या वाऱ्यात सोलोची मर्यादा कमी केली" म्हणणाऱ्याकडे मी माझा मुलगा पाठवेन.

आणि मेसमध्ये जेवा. मुलांशी बोला, पण स्कूलने बोलावून दिलेल्या मुलांशी नको. प्रश्न साधे ठेवा. "दादा, तुझे किती तास झाले? प्रवेश कधीचा? मागच्या महिन्यात किती उडालास? एकदा थांबलं की किती दिवस थांबतं? प्रशिक्षक किती वेळा बदलले?" प्रशिक्षक वारंवार बदलणं नवशिक्याला फार महागात पडतं. प्रत्येक नवा प्रशिक्षक आधीचे धडे पुन्हा तपासतो, आणि सोलो दहा-पंधरा तासांनी लांबतो. मुलींनी हॉस्टेलची व्यवस्था, पहाटेच्या सोर्टीला तळापर्यंतची गाडी आणि तक्रार कोणाकडे करायची, हे तिथल्या मुलींनाच विचारावं.

मुलं एकमेकांकडे बघून हसली आणि विषय बदलला, तर थोडं थांबा. चहा मागवा. बोलतील.

> सावधान: "तासांचं आम्ही बघून घेऊ, लॉगबुक जमवून देऊ" असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. २०११ मध्ये खोटे तास आणि खोट्या गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवलेल्या वैमानिकांना आपल्या देशात अटक झाली होती. लॉगबुकवर, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीवर, सही तुमची असते.

टप्पा ७: पैसे आणि करार

सीपीएल आणि मल्टी-इंजिन मिळून खर्च आज ५० लाखांच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो. एअरलाइनच्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता, त्यात नसतं, ते नंतर वेगळं. शैक्षणिक कर्ज मिळतं, पण एवढ्या रकमेला बँका तारण मागतात, त्यामुळे घर-जमिनीच्या कागदांची तयारी आधी करा. व्याज पहिल्या वितरणापासून चढायला लागतं. पाचव्या टप्प्यात काढलेली खरी मुदत इथे वापरा: ३० महिन्यांचं व्याज आणि हॉस्टेल धरून एकूण आकडा मांडा. "स्वस्त" स्कूल अनेकदा इथेच महाग ठरतं.

करारात शोधायच्या गोष्टी, माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने:

१. हप्ते कशाला जोडलेत? तारखेला जोडलेले असतील तर तुम्ही उडा न उडा, पैसे जातात. तासांना किंवा टप्प्यांना जोडून मागा: प्रवेशाला थोडे, सोलोनंतर, ५० तासांनंतर, १०० तासांनंतर. एकरकमी भरल्यास सवलत देतात, ती घेऊ नका. एकदा सगळे पैसे दिले की तुमचा आवाज बसतो.

२. सोडून जायचं झालं तर परतावा किती, किती दिवसांत, आणि न उडालेल्या तासांचा दर कसा धरणार? "शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" हे वाक्य असलेला करार तसाच सही करू नका.

३. जास्तीचे तास लागले तर दर काय? सगळ्यांना नेमक्या २०० तासांत जमत नाही. १५-२० तास वरचे धरूनच चाला.

४. इंधनाचा अधिभार. दर वाढल्यावर वाढतो, कमी झाल्यावर कमी होतो का?

५. चाचणी-उड्डाणांचा, परीक्षकाचा, रात्रीच्या मुक्कामाचा, लँडिंगचा खर्च. चाचण्या अनेक असतात: दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, २५० मैलांचं दिवसाचं आणि १२० मैलांचं रात्रीचं क्रॉस-कंट्री, इन्स्ट्रुमेंट. ही सगळी उड्डाणं २०० तासांच्या शुल्कात आहेत की बाहेर?

६. जीएसटी. डीजीसीए-मान्य एफटीओंच्या मान्य अभ्यासक्रमाला सूट असल्याचं ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. तरी बिलात १८ टक्के दिसले तर कोणत्या भागावर लावले ते लेखी विचारा.

नोकरीची हमी करारात नसते, तोंडी असते. एअरलाइनशी जोडलेल्या कॅडेट योजनांमध्ये अटींसह पत्र मिळतं, खर्च जास्त असतो, निवड चाचणी आधी होते. तिथेही अटी वाचा, विशेषतः भरती थांबलेली असेल तर काय होईल ते.

तपासा: करार घरातल्या कोणत्याही वकिलाने किंवा निदान सनदी लेखापालाने वाचला का? "आज सही केली तरच ही फी" असं म्हणत असतील तर आज सही करू नका.

टप्पा ८: प्रवेशानंतरचे पहिले तीन महिने

निवड अजून संपलेली नाही. स्वतःची एक वही ठेवा. रोजची ओळ: सोर्टी लागली की नाही, उडाली की नाही, रद्द का झाली, कोण प्रशिक्षक. लॉगबुक आणि ई-जीसीए या डीजीसीएच्या पोर्टलवरची नोंद दर आठवड्याला जुळवा. महिनाअखेरीस तीन महिन्यांची सरासरी काढा.

तीन चांगल्या हवामानाच्या महिन्यांत महिन्याला १० तासही होत नसतील तर सीएफआयना लेखी विचारा, भांडून नव्हे, आकडे देऊन. उत्तर मिळालं नाही तर डीजीसीएकडे तक्रार करता येते. शेवटचा पर्याय दुसऱ्या स्कूलमध्ये जाणं. ते होतं, मुलं करतात, तास वाया जात नाहीत, मात्र नवी स्कूल आधीचं उड्डाण तपासून घेते.

जायचं ठरलं तर आधी लॉगबुकच्या प्रत्येक पानावर सीएफआयची सही-शिक्का घ्या, ट्रेनिंग रेकॉर्डची प्रत घ्या, तासांचं प्रमाणपत्र घ्या. परताव्याचा अर्ज त्यानंतरच्या दिवशी द्या. उलट क्रमाने गेलेल्या एका मुलीला त्या सह्यांसाठी पाच महिने फिरवलं होतं.